वीज कडाडली की भालू मोरीत शिरतो: मोठ्या कुत्र्याची गडगडाटाची भीती, आणि ती पुन्हा का उलटते

आमचा भालू ३८ किलोचा. आई लॅब्राडोर, बाप जर्मन शेफर्ड. सायकलवाल्यांवर भुंकत नाही, आलेल्या पाहुण्याच्या पायाशी जाऊन झोपतो, इतका शांत. पण एप्रिल आला आणि दुपारी अजिंक्यताऱ्याच्या मागे आभाळ काळवंडायला लागलं की हा कुत्रा दुसराच होतो. धापा टाकतो, घरभर येरझाऱ्या घालतो, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. पहिली वीज कडाडली की थेट मोरीत, नळाखालच्या कोपऱ्यात. चार वर्षांचा असताना एकदा आम्ही घरी नव्हतो आणि वाऱ्याने मोरीचं दार आपटून बंद झालं. परत आलो तर दाराचा खालचा भाग उकरून काढलेला, पुढच्या पायांची दोन नखं मुळापासून उखडलेली, आणि फरशीभर रक्त.

त्यानंतर आम्ही त्याच्यावर खूप मेहनत घेतली. दोन उन्हाळे छान गेले. आणि सातव्या वर्षी सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं, उलट थोडं जास्तच. हे लिहितेय ते त्या ‘पुन्हा’साठी. उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. चाललेला उपाय अचानक चालेनासा का होतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते समजेपर्यंत त्या जिवाने एक अख्खा उन्हाळा काढला.

आधी वही घाला

‘पावसाला घाबरतो’ असं आपण म्हणतो, पण जुलैतल्या संततधारेत भालू खुशाल घोरत पडलेला असतो. त्याची भीती पावसाची नाही, गडगडाटाची आहे. आणि आपल्याकडे गडगडाटाचे दिवस ठरलेले असतात: मार्चअखेरपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वळीव, आणि सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत परतीचा पाऊस. बाकीचे महिने आपल्या हातात असतात. हे कळलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं, कारण खरं काम त्याच महिन्यांत करायचं असतं. वादळाच्या दिवशी फक्त त्याला सांभाळायचं.

मुलीची एक अर्धी भरलेली शंभरपानी वही घेतली आणि प्रत्येक वादळाची नोंद ठेवायला लागले. पहिली चलबिचल किती वाजता, पहिला गडगडाट किती वाजता, खाल्लं का, पाणी प्यायला का, शांत व्हायला किती वेळ लागला. पाच-सहा नोंदी झाल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. भालू पहिल्या गडगडाटाच्या बराच आधी उठत होता, आणि जवळजवळ दर वेळी तो उठायचा ती वेळ म्हणजे मी गच्चीवरचे कपडे काढायला धावायची वेळ. जिन्यावरची माझी पावलं, खिडक्या धडाधड लावणं, ‘अरे तो लॅपटॉप काढा प्लगमधून’ असा माझाच ओरडा. त्याच्यासाठी वादळ तिथूनच सुरू होत होतं.

वारा, अंधारून येणं, मातीचा वास, कदाचित हवेचा दाब उतरणंही, असे इशारे कुत्र्याला कळतात आणि त्यावर आपलं काही चालत नाही. पण आपण स्वतः देत असलेले इशारे बदलता येतात. मी कोरड्या ठणठणीत दिवशी मुद्दाम धावत गच्चीवर जायला लागले, खिडक्या लावायच्या, खाली येऊन भालूला चिकनचा तुकडा द्यायचा आणि खिडक्या उघडायच्या. रोज एकदा, तीन आठवडे. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या की पाऊस आला का. तेवढ्यानेही त्याची सुरुवातीची धडपड बरीच कमी झाली.

तुमचं कुत्रं खरंच घाबरलंय की नुसतं उकडतंय, असा प्रश्न पडला तर धापांखेरीज बाकीच्या खुणा बघा: कान मागे, शेपूट पोटाखाली, पुन्हापुन्हा जांभई, ओठ चाटणं, तुमच्या पायात पायात येणं, आवडीचं खाणंही नाकारणं. काही कुत्री थरथरत नाहीत की धावत नाहीत, नुसती एका जागी गोठून बसतात. ‘आमचा अगदी शांत बसतो’ असं म्हणणाऱ्या घरांत हे निसटून जातं.

वादळ डोक्यावर आलं आहे, आत्ता काय करायचं

जागा कुत्र्याला निवडू द्या. भालूने मोरी निवडली कारण ती घराच्या मधोमध आहे, खिडकी नाही, भिंती जाड. आम्ही त्याला तिथून ओढून हॉलमध्ये आणायचो, ‘इथे बस आमच्याजवळ’ म्हणून. मग मोरीच त्याची खोली केली. दाराला तळाशी लाकडी पाचर लावली की ते वाऱ्याने आपटत नाही. दार उघडंच राहिलं पाहिजे. घाबरलेला मोठा कुत्रा कोंडला की दात, नखं, काचा यांपैकी काहीतरी फुटतं. पिंजऱ्यातही तेच.

खाली रबरी चटई टाकली. ही बारीक गोष्ट वाटेल, पण मोठ्या कुत्र्याला गुळगुळीत फरशीवर उभं राहायलाही कष्ट पडतात. तो थरथरतोय, पाय घसरतायत, म्हणून आणखी घाबरतोय, असं चक्र होतं. लहान कुत्रं पलंगाखाली शिरून मोकळं होतं. ३८ किलोचं कुठे शिरणार? आम्ही दोन जुन्या गोधड्या मोरीच्या दोन बाजूंना गुंडाळून ठेवल्या, अंगाला काहीतरी टेकलं की तो पटकन बसतो.

आवाज झाकायला पंखा, कूलर, टीव्ही चांगलेच, पण वादळात वीज जाते आणि सगळं एकदम बंद पडतं. त्या अचानक शांततेनंतरचा पहिला गडगडाट सगळ्यात वाईट. म्हणून चार्ज केलेला स्पीकर आधीपासून वाजत ठेवा. विजेचा लखलखाट दिसू नये म्हणून आम्ही मोरीच्या दारावर जाड पडदा लावला आणि आत मंद दिवा चालू ठेवायचो.

आणि जवळ बसा. ‘कुरवाळलं तर भीतीला खतपाणी मिळतं’ हा सल्ला मला इतक्या जणांनी दिला की पहिली दोन वर्षं मी त्याच्याकडे पाठ करून बसायचे, आणि आत कुठेतरी तुटत असायचं. हा समज चुकीचा आहे. भीती ही काही सवय नव्हे की बक्षीस मिळालं म्हणून वाढेल. तो जवळ आला तर हात फिरवा, नेहमीच्या आवाजात बोला. फक्त त्याला धरून ठेवू नका. घट्ट मिठी, गळपट्टा धरून ओढणं, लपल्या जागेतून खेचून काढणं यात एखादं गुणी कुत्रंही चावू शकतं, आणि इतक्या मोठ्या जबड्याचा चावा साधा नसतो. लहान मुलांना त्या वेळी त्याच्या अंगावर पडू देऊ नका. ओरडणं, मारणं तर नकोच. तोंड आवळून बांधू नका, त्याने धापा टाकता येत नाहीत आणि कुत्र्याचं अंग थंड होण्याचा मुख्य रस्ताच तो आहे.

उष्णतेचं वेगळं सांगते, कारण आपल्याकडचं वादळ भर उन्हाळ्यातलं असतं. बाहेर ३८-४० अंश, हवा दमट, घर बंद, आणि मोठा कुत्रा तासभर जोरात धापा टाकतोय. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५च्या वर गेलं तर काळजीचं, १०६च्या पुढे जीवावरचं. हिरड्या गडद लाल, चिकट घट्ट लाळ, झोकांड्या, उलटी दिसली की वादळ संपायची वाट पाहू नका. अंगावर साधं पाणी ओता, पंख्याची हवा द्या आणि डॉक्टरांना फोन करा. मोरीचा हा एक फायदा की फरशी थंड असते आणि पाणी हाताशी.

आणखी एक गोष्ट मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांचीच: पोट फुगून पीळ पडणं. एकाच वेळी भरपेट जेवण, भराभर खाणं आणि मुळातला भित्रा स्वभाव, या तिन्हींनी तो धोका वाढतो. वादळाच्या दिवसांत भालूचं जेवण दोनऐवजी तीन वेळा थोडंथोडं असतं आणि आभाळ भरून आलं की आम्ही त्याचं जेवण लांबणीवर टाकतो. कुत्रं ओकाऱ्या काढतंय पण काही पडत नाहीये, पोट ढोलासारखं ताणलंय, बसवत नाही, तर ती भीती नाही. तिथे मिनिटं मोजली जातात. तसंच उचलून दवाखाना गाठा.

अंगणात, गच्चीवर, साखळीला बांधलेला कुत्रा असेल तर हे सगळं वाचायच्या आधी त्याला आत घ्या. घाबरलेलं कुत्रं साखळीत गळा आवळून घेतं. सुटलं तर पाच फुटी कंपाउंडवरून उडी मारतं आणि मग रस्ता दिसेल तिकडे पळतं. गळपट्ट्यावर फोन नंबर शिवून घ्या. लटकणारा बिल्ला पडून जातो.

गडगडाट आधी, खाऊ नंतर

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली आणि ती कळायला एक महिना गेला.

गडगडाटाशी चांगल्या गोष्टीची सांगड घालायची, हे मी ऐकलं होतं. म्हणून उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे स्टीलच्या डब्यात ठेवायचे. बाहेर चमकलं की मी डबा उघडायचे, त्याला तुकडा द्यायचे, मग गडगडायचं. मला वाटायचं, तोंडात कलेजी असली की आवाजाकडे लक्ष जाणार नाही. चौथ्या-पाचव्या वादळानंतर एका सकाळी, स्वच्छ ऊन असताना, मी तोच डबा स्वयंपाकघरात उघडला. झाकणाचा ‘टक’ असा आवाज झाला आणि भालू कान मागे टाकून मोरीत गेला. कलेजीचा वास येत असूनही आला नाही. मी डबा हातात घेऊन तिथेच उभी राहिले. मी त्याला गडगडाट आवडायला नाही, डब्याला भ्यायला शिकवलं होतं. डबा उघडला म्हणजे आता कडाडणार, असा त्याने सरळ अर्थ लावला होता.

क्रम उलटा हवा. आधी गडगडाट, आवाज विरतोय तोवर खाऊ. दर गडगडाटाला, अगदी लांबच्या, बारीकशा गुरगुरीलासुद्धा. गडगडाट नसताना खाऊ बंद. चमकल्यापासून आवाजापर्यंत आकडे मोजत राहा. दर ३ सेकंदाला साधारण १ किलोमीटर, म्हणजे १५ सेकंद लागले तर वीज ५ किलोमीटरवर आहे. आवाज कधी येणार ते आपल्याला आधी कळतं आणि हात तयार राहतो, पण तो खिशातच ठेवायचा. आम्ही डबा बदलला, कापडी पिशवी घेतली, कलेजीच्या जागी पनीर घेतलं. जुना डबा वर्षभर माळ्यावर ठेवला.

खाण्यात रस नसलेल्या कुत्र्याला चेंडू, दोरीची ओढाओढ यांनीही काम होतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठातल्या श्टेफनी रीमर यांनी फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांच्या १,२०० हून अधिक मालकांना कोणत्या उपायाने फरक पडला ते विचारलं होतं. तो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. आवाजानंतर लगेच खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांहून थोड्या अधिक जणांनी फायदा झाल्याचं सांगितलं. अंगाला घट्ट बसणाऱ्या जॅकेटच्या बाबतीत हा आकडा ४४ टक्के होता, आणि प्लगमध्ये लावून वास सोडणारी यंत्रं, हर्बल थेंब वगैरेंचा त्याहूनही कमी. हे मालकांनी सांगितलेलं आहे आणि फटाक्यांबद्दलचं आहे. तरी पैसे आणि वेळ आधी कुठे घालावा हे ठरवायला मला ते पुरलं.

मात्र कुत्रं भीतीने इतकं गेलेलं असेल की पनीरही तोंडात घेत नाही, तर जबरदस्ती करू नका. त्या दिवशी शिकवणं बंद, नुसतं शेजारी बसायचं.

डिसेंबर ते फेब्रुवारीचं काम

या महिन्यांत आभाळ स्वच्छ असतं, त्यामुळे शिकवलेलं कुणी मोडत नाही. आम्ही दोन गोष्टी केल्या.

पहिली, चटईचा सराव. तीच मोरीतली रबरी चटई हॉलमध्ये टाकायची, भालू तिच्यावर आडवा झाला की तुकडा, हनुवटी खाली टेकली की तुकडा, श्वास संथ झाला की पुन्हा. शब्द एकच, ‘निवांत’. महिनाभरात चटई पसरली की तो आपसूक पाय लांब करून पडायला लागला. मग तीच चटई मोरीत.

दुसरी, गडगडाटाचं रेकॉर्डिंग. मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीच होत नाही, कारण गडगडाटाचा खरा जोर खालच्या घुमणाऱ्या सुरात असतो आणि तो छोट्या स्पीकरमधून येतच नाही. भाच्याचा वूफर असलेला स्पीकर आणला. सुरुवात इतक्या कमी आवाजात की भालूचा फक्त एक कान हलावा. आवाज, तुकडा. आवाज, तुकडा. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि उठून जायला तो मोकळा. दोन दिवस तो अगदी निवांत राहिला तरच आवाज एक घर वर. घास घेणं थांबवलं, ओठ चाटायला लागला, की आपण घाई केली असं समजायचं आणि दोन घरं खाली यायचं. आमच्या नवऱ्याने एका रविवारी ‘आता जमलंय त्याला’ म्हणून आवाज एकदम चढवला, तर पुढचे दहा दिवस त्या स्पीकरजवळ यायला भालू तयार नव्हता. टीव्हीच्या नेहमीच्या आवाजापर्यंत पोचायला आम्हाला सात आठवडे लागले. नंतर संध्याकाळी दिवे घालवून पडद्यामागून कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायचा आणि मागोमाग रेकॉर्डिंग, असंही केलं.

मार्चमध्ये पहिला वळीव आला की रेकॉर्डिंग थांबवायचं. त्या दिवसांत खरं वादळ केव्हाही येतं, आणि कालचं खरं आणि आजचं खोटं यांची सरमिसळ झाली की कुत्रं दोन्हींवरचा विश्वास घालवतं. रेकॉर्डिंगमध्ये वारा नसतो, वास नसतो, दाब उतरत नाही, त्यामुळे पहिल्या खऱ्या वादळात तो थोडा मागे जाईल हे धरूनच चाला.

एक मोठं वादळ झालं की पुढचे एक-दोन दिवस त्याला शांततेचे द्या. पाहुणे, आंघोळ, नखं कापणं, नवीन रस्त्याने फिरवणं, सगळं लांबणीवर. आपल्याकडे परतीचा पाऊस, मिरवणुकांचे ढोल आणि दिवाळीचे फटाके एकामागोमाग येतात. ओझ्यावर ओझं चढत जातं आणि शेवटी ताटली पडली तरी कुत्रं उडतं.

औषधाला घाबरू नका, पण ते डॉक्टरांच्या हातून

‘गोळ्या म्हणजे गुंगी’ असं मलाही वाटायचं. नखं उखडल्यानंतर आमच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. ज्याची भीती स्वतःला इजा करण्यापर्यंत गेली आहे, त्याला औषधाशिवाय नुसतं शिकवत बसणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहणं शिकवणं. भीती खाली आली तरच तो शिकू शकतो.

औषधं दोन तऱ्हांची. एक, वादळाच्या आधी द्यायची: ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन, अल्प्राझोलाम यांसारखी. दुसरी, मोसमभर रोज द्यायची: फ्लुओक्सेटिन, क्लोमिप्रामिन. दुसऱ्या तऱ्हेचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यात जागं होऊन उपयोग नाही, फेब्रुवारीतच विषय काढा. मात्रा मी इथे लिहिणार नाही. ती वजन, वय, यकृत आणि चालू असलेली बाकीची औषधं पाहून ठरते, आणि माणसाच्या मात्रेवरून मोठ्या कुत्र्याची मात्रा काढणं धोक्याचं आहे. पातळ औषध देणार असाल तर बाटलीवर झायलिटॉल लिहिलंय का पाहा. ही गोडी कुत्र्याला विषारी आहे.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. किती आधी द्यायची? शांत दिवशी एकदा देऊन पाहायची का? हे नक्की करा, काही कुत्री गुंगण्याऐवजी उलट अस्वस्थ होतात आणि ते वादळात कळायला नको. आणि तिसरा: हे भीतीवर काम करतं की फक्त अंग सुस्त करतं? अ‍ॅसेप्रोमाझिन हे जुनं, सहज मिळणारं औषध एकट्याने दिलं तर कुत्रं हलत नाही पण आतून तितकंच घाबरलेलं असतं, आवाज तर त्याला कधीकधी जास्तच टोचतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बरं वाटलं त्याला.

‘चमचाभर ब्रँडी पाजा’ म्हणणारे गावोगावी आहेत. दारू कुत्र्याला विष आहे, पाजू नका. कानात कापसाचे बोळेही कोंबू नका, झटापटीत ते आत जातात.

वेळेचा प्रश्न असा की गोळी तास-दीड तास आधी द्यावी लागते आणि वळीव सांगून येत नाही. इथे दोन गोष्टींनी आम्हाला तारलं. हवामान खात्याचा पुढच्या ३ तासांचा जिल्हावार इशारा, आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप, ज्यात आपल्या आसपास वीज कुठे पडतेय ते दिसतं. खुणा आणि इशारा जुळले की गोळी. फुकट गेली तर गेली. पहिला गडगडाट झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वेळा उशिराची ठरते, कारण घाबरून गेलेल्या अंगात ती नीट काम करत नाही.

आणि मग सातव्या वर्षी

पाचवं आणि सहावं वर्ष वहीत एका पानात मावतं. ‘मोरीत गेला, खाल्लं, २० मिनिटांत बाहेर.’ सातव्या वर्षीच्या पहिल्याच वळवाला त्याने पनीर नाकारलं. दुसऱ्याला चटईवर बसलाच नाही, उभाच थरथरत राहिला. तिसऱ्यानंतर तर कुकरच्या शिटीलाही दचकायला लागला, आणि ज्या मोरीला तो आपली मानायचा तिथेच जाईना. आम्ही तेच सगळं आणखी जोरात केलं. स्पीकर पुन्हा बाहेर काढला, आवाज कमी केला, औषध वाढवायचं का विचारलं. काही हलेना.

सासूबाई गावाहून आल्या होत्या. त्या पहाटे उठतात. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाल्या, “अगं, ह्यो उठतो कसा बघ की. आधी पुढचं पाय, मग थांबतो, मग मागचं. माझं गुडघं बी सकाळचं असंच आखडतंय. त्याचं कंबरडं दुखतंय, भीती कसली.”

मी त्या दिवसापासून पाहायला लागले. गाडीत उडी मारायची त्याने कधीच सोडली होती, आम्हाला वाटलं वय झालं. जिना उतरताना दोन्ही मागचे पाय एकदम टाकायचा. बसताना एका कुल्ल्यावर कलायचा. डॉक्टरांनी एक्स-रे काढले: दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले, डावा जास्त.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली आवाजाला भिणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या होत्या, निम्म्यांना स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं आणि निम्म्यांना नव्हतं. दुखणं असलेल्यांत भीती सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली. डॉक्टरांनी त्याचं कारण सांगितलं ते एका वाक्यात पटलं: दचकलं की सगळं अंग आखडतं, आखडलं की दुखरा सांधा कळ मारतो, आणि कुत्रं ती कळ त्या आवाजाच्या नावावर लिहितं. मग तो आवाज जिथे ऐकला ती जागाही नकोशी होते. भालूची मोरी अशी गेली. ओल्या फरशीवर थरथरत उभं राहणं म्हणजे त्याच्या खुब्यांना प्रत्येक गडगडाटाला एक कळ होती, आणि आम्ही शेजारी बसून ‘निवांत, निवांत’ म्हणत होतो. हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड, या सगळ्या मोठ्या जातींत खुब्याचा दोष पुष्कळ असतो. म्हणून माझी विनंती ही: तुमचा मोठा कुत्रा पाच-सहा वर्षांनंतर पहिल्यांदाच गडगडाटाला भ्यायला लागला असेल, किंवा बरी झालेली भीती उलटली असेल, किंवा एका आवाजाची भीती भराभर दुसऱ्या आवाजांना चिकटत असेल, तर स्पीकर आणि जॅकेट बाजूला ठेवून आधी त्याचे सांधे, पाठ, कान आणि दात तपासून घ्या. डॉक्टरांना नुसतं ‘घाबरतो’ सांगू नका. त्याचा उठतानाचा, जिना उतरतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. दवाखान्यात गेल्यावर सगळी कुत्री धडधाकट चालतात. जवळपास एक्स-रेची सोय नसेल तर शिरवळ, परळ, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंडं जातात.

भालूला डॉक्टरांनी सांध्यांसाठी कुत्र्यांचं वेदनाशामक सुरू केलं, दर काही महिन्यांनी रक्त तपासून. तेव्हा त्याचं वजन ४१ झालं होतं, ते सात महिन्यांत ३६वर आणलं, पोळीचे तुकडे बंद करून. त्यात सगळ्यात जास्त हाल सासऱ्यांचे झाले, कारण त्यांच्या ताटातला शेवटचा घास त्याचाच असायचा. हॉलपासून मोरीपर्यंत रबरी पट्ट्या टाकल्या. मोरीची त्याची नावड गेलीच नाही, म्हणून देवघराशेजारची कोठीची खोली रिकामी करून दिली. तिथे जाड गादी आहे, खिडकी नाही.

यंदाच्या मेमधली शेवटची नोंद अशी: पहिली चलबिचल ४.१०, गोळी ४.१५, पहिला गडगडाट ५.२०. कोठीत स्वतःहून गेला. पनीर ११ तुकडे, एक मोठ्या कडाडण्यानंतर नाकारला. धापा ४० मिनिटं, लाळ नाही. ६.३० ला बाहेर येऊन पाणी प्यायला आणि सासूबाईंच्या पायाशी पडला. परतीच्या पावसाआधी एकदा रक्ततपासणी आहे, आणि डिसेंबर लागला की वूफर पुन्हा पहिल्या घरापासून.